ट्रान्स व्यक्तींसाठी वजनाचे उपचार: पहिल्या तपासणीआधी हे वाचा

माझी टॉप सर्जरी (स्तन काढून छाती सपाट करण्याची शस्त्रक्रिया) दोन वर्षं पुढे गेली ती एका वाक्यामुळे. सर्जनने फाईल मिटता मिटता सांगितलं, "बीएमआय तीसच्या खाली आणा, मग बघू." बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे तो आकडा. कसं आणायचं, किती दिवसांत, कुणाच्या मदतीनं, याबद्दल एक शब्द नाही. मी घरी आलो आणि सुचेल ते केलं. जेवणं सोडली. बाइंडर (छाती दाबून सपाट ठेवणारा घट्ट कपडा) घालून रोज धावलो. तीन महिन्यांत नऊ किलो उतरले, पुढच्या पाच महिन्यांत अकरा चढले, आणि मधल्या काळात बरगडीत अशी कळ बसली की खोल श्वास घेता येईना.

पुढे चांगले डॉक्टर भेटले आणि गुंता सुटत गेला. जे मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं ते इथे क्रमानं लिहितोय. हे प्रौढांसाठी आहे. ट्रान्स स्त्री, ट्रान्स पुरुष, नॉन-बायनरी (स्त्री किंवा पुरुष या चौकटीत न बसणारे), हार्मोन घेणारे, न घेणारे, सगळ्यांना यातलं काही ना काही लागू पडेल. कुठलंही औषध यावरून स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका. डॉक्टरांसमोर बसल्यावर काय विचारायचं ते आधीच ठाऊक असावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं बरंचसं तिच्यावरच उभं आहे. वजनाच्या उपचारातले कितीतरी आकडे "स्त्री की पुरुष" हा रकाना भरल्यावरच बाहेर येतात. तो रकाना कुणी भरला आणि काय समजून भरला, हे दर वेळी विचारा.

## १. वजन का कमी करायचंय ते लिहून काढा

साखर किंवा रक्तदाब वाढलाय म्हणून? गुडघे दुखतात, झोपेत श्वास अडकतो म्हणून? सर्जनची अट आहे म्हणून? की आरशातल्या शरीराचा त्रास होतो म्हणून?

कारणानुसार रस्ता बदलतो. आजारासाठी म्हणाल, तर वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी साखर, रक्तदाब आणि यकृतावरची चरबी यांत फरक दिसू लागतो, म्हणजे बीएमआय "नॉर्मल" होईपर्यंत थांबावं लागत नाही. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानेही हेच मांडलं, की निव्वळ बीएमआयवरून कुणाला आजारी ठरवू नये. जादा चरबीमुळे अवयवांच्या कामावर किंवा रोजच्या हालचालींवर परिणाम झालाय का ते बघावं.

शेवटच्या कारणापाशी मात्र थोडं थांबा. छाती किंवा नितंब दिसू नयेत म्हणून, पाळी थांबावी म्हणून, किंवा बारीक दिसलं की लोक आपल्याला बरोबर ओळखतील म्हणून उपाशी राहणारे आपल्यात बरेच आहेत. खाण्याच्या विकारांचं प्रमाण ट्रान्स व्यक्तींमध्ये जास्त आढळतं. लपून खाणं, खाल्लेलं ओकून टाकणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, जेवल्यावर "शिक्षा" म्हणून व्यायाम करणं, यातलं काही चालू असेल तर वजनाच्या डॉक्टरांना ते पहिल्याच भेटीत सांगा. तो उपचार आधी व्हायला हवा. मी ते लपवलं आणि माझं एक वर्ष त्यात गेलं.

## २. फाईल तयार करा

सोबत न्यायची कागदपत्रं:

- ओळखपत्र. काही रिपोर्ट जुन्या नावाने आणि काही नव्या नावाने असतील तर दोन्ही नावं एका कागदावर लिहून फाईलला लावा. नाहीतर जुने रिपोर्ट "दुसऱ्या पेशंटचे" समजून बाजूला पडतात.
- हार्मोनची नोंद: औषध, डोस, गोळी, इंजेक्शन, जेल की त्वचेवर चिकटवायची पट्टी, कधी सुरू केलं, डोस कधी बदलला.
- गेल्या वर्षभरातले रक्ताचे रिपोर्ट.
- इतर सगळी औषधं, मानसिक आरोग्याचीसुद्धा. ओलान्झापिन, क्वेटियापिन, मिर्टाझापिन अशा औषधांनी वजन वाढू शकतं. ती अचानक सोडायची नाहीत. पर्याय आहे का, एवढं विचारायचं.
- झालेल्या शस्त्रक्रिया, आणि शरीरात आज कोणकोणते अवयव आहेत त्याची यादी.
- वजनाचा प्रवास: हार्मोन सुरू केले तेव्हा किती, सर्वांत जास्त किती, आत्ता किती.
- घरातले आजार: मधुमेह, हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, थायरॉइडचा कर्करोग.

घरात एक मापपट्टी, एक वही आणि जमलं तर रक्तदाबाचं यंत्र ठेवा.

अवयवांची यादी लिहिताना जिवावर येतं, मला माहीत आहे. तरी लिहा. लठ्ठपणामुळे गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि गर्भाशय असलेल्या ट्रान्स पुरुषालाही तो असतो. टेस्टोस्टेरॉनवर (पुरुषी हार्मोनवर) पाळी पूर्ण थांबल्यानंतर पुन्हा रक्तस्राव झाला तर "डोस चुकला असेल" म्हणून सोडून देऊ नका, दाखवून घ्या. व्हजायनोप्लास्टी (योनी घडवण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या ट्रान्स स्त्रीच्या शरीरात प्रोस्टेट राहतंच.

## ३. वेळ घेतानाच चौकशी करा

फोनवर तीन-चार प्रश्न विचारले तरी अंदाज येतो. तुम्ही ट्रान्स पेशंट बघता का? माझ्या हार्मोनच्या डॉक्टरांशी बोलाल का? वजन आडोशाला करता का? रक्तदाब मोजताना दंडाला गुंडाळतात तो पट्टा, म्हणजे कफ, मोठ्या मापाचा आहे का? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक नाही. जाड दंडाला छोटा कफ लावला तर रक्तदाब आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि नसलेल्या आजाराची गोळी मागे लागते.

कसं बोलवायचं तेही तेव्हाच सांगून टाका. आपल्या भाषेत क्रियापदच लिंग सांगून जातं: "आलास" आणि "आलीस" यांतला एक चुकीचा शब्द पुरे होतो. बोलणाऱ्याला जमत नसेल तर "तुम्ही आलात, तुम्ही घेतलंत" असं बोलायला सांगा. त्यात लिंग येत नाही आणि मानही राहतो.

वजनाचा आकडा बघून दिवसभर डोकं धरून बसत असाल तर काट्याकडे पाठ करून उभं राहता येतं. नर्सला तसं सांगायचं, आकडा फाईलमध्ये जातो.

## ४. आकडा कुठल्या रकान्यातून आला ते तपासा

इथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात जास्त फसगत इथेच झाली.

बीएमआय. वजन भागिले उंचीचा वर्ग. उंची १६५ सेंटिमीटर आणि वजन ९० किलो असेल तर ३३. यात लिंगाचा रकाना नाही, तेवढं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापात २५ पासून जादा वजन आणि ३० पासून लठ्ठपणा. आशियाई वंशाच्या लोकांना कमी बीएमआयलाही मधुमेह गाठतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे टप्पे वापरतात. पण वाढलेलं वजन स्नायूंचं की चरबीचं, हे बीएमआयला कळत नाही, आणि हार्मोन नेमकं हेच प्रमाण बदलतात.

कंबरेचा घेर. याच्या मर्यादा स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या. दक्षिण आशियाई वंशासाठी पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटर धरतात. मग आपण कुठली धरायची? दोन वर्षं मला याचं उत्तर मिळालं नव्हतं. ते साधं निघालं: कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. हा नियम स्त्री, पुरुष, सगळ्यांना एकच. १६५ सेंटिमीटर उंचीला साडेब्याऐंशीच्या आत. बीएमआय ३५ च्या वर असेल तर या मापाचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे कंबर जास्त असणारच.

माप असं घ्या: बाइंडर किंवा पोट आवळणारं काहीही काढा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे पट्टी ठेवा, श्वास सहज सोडा आणि मग वाचा. दुसऱ्याचा हात नको असेल तर पट्टी मागून घ्या आणि स्वतः मोजा. मी आजही तसंच करतो.

कॅलरीचं ॲप. मी एकदा ॲपमध्ये "स्त्री"चं "पुरुष" केलं आणि वजन, उंची, वय तेच असताना रोजचं लक्ष्य दोनशेहून जास्त कॅलरींनी वर गेलं. ॲप बिघडलंय असं वाटलं. मग कळलं की अशी बरीच ॲप्स १९९० मध्ये आलेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र वापरतात. त्यात पुरुषासाठी शेवटी ५ मिळवतात आणि स्त्रीसाठी १६१ वजा करतात. हा झाला १६६ चा फरक. त्यावर हालचालीचा गुणक लागला की तो आणखी वाढतो. टेस्टोस्टेरॉनवर दीड वर्ष काढलेलं माझं शरीर "स्त्री"च्या आकड्यावर जगवायचा प्रयत्न चालला होता, आणि रोज रात्री भूक सहन झाली नाही की मी स्वतःला दोष देत होतो. आहारतज्ज्ञांना दोन्ही आकडे काढायला लावा, मधला एखादा धरून सुरुवात करा, आणि चार आठवड्यांत वजन कसं वागतं ते बघून बदला.

चरबी मोजणारं यंत्र. त्यात रकाना बदलला की चरबीची टक्केवारी बदलते. एकच रकाना धरा, तोच कायम ठेवा, आणि आकड्यापेक्षा तो वर जातोय की खाली ते बघा.

रक्ताचे रिपोर्ट. माझ्या एका रिपोर्टवर हिमोग्लोबिन १६.२ आणि शेजारी लाल बाण होता. मर्यादा छापली होती १२ ते १५, म्हणजे स्त्रियांची. टेस्टोस्टेरॉनवर हिमोग्लोबिन वाढतंच. हार्मोन काही महिने स्थिर चालू असतील तर ते ज्या लिंगाच्या पातळीवर आहेत त्याची मर्यादा वापरतात. मात्र बाण दिसला की "रकाना चुकलाय" म्हणून प्रत्येक वेळी मोकळं होऊ नका. हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांच्या वर गेला तर टेस्टोस्टेरॉनचा डोस तपासावाच लागतो, आणि धूम्रपान व झोपेतला श्वासरोध यांनीही तो वाढतो. मूत्रपिंडाचं काम रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून काढतात, त्यातही लिंग विचारतात आणि क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. शंका आली तर सिस्टॅटिन-सी ही तपासणी करता येते का ते विचारा.

झोपेतल्या श्वासाची प्रश्नावली. स्टॉप-बँग नावाच्या आठ प्रश्नांच्या यादीत "पुरुष" असण्याचा एक गुण आहे. टेस्टोस्टेरॉन घेत असाल तर तो धरा. गुण काठावर असतील आणि घोरणं, दिवसा पेंगणं, झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहणं यातलं काही असेल तर झोपेची तपासणी मागून घ्या.

हृदयविकाराचा धोका सांगणारी गणकयंत्रंही रकाना मागतात. दोन्ही भरून बघायला सांगा, कारण कुठला आकडा खरा हे नक्की सांगता येत नाही.

## ५. हार्मोनने काय बदलतं

इस्ट्रोजेनवर (स्त्री-हार्मोनवर) स्नायू कमी होतात, चरबी वाढते आणि नितंब-मांड्यांकडे जास्त साठते. टेस्टोस्टेरॉनवर स्नायू वाढतात, त्वचेखालची चरबी घटते आणि साठायची ती पोटाकडे साठू लागते. दोन्हीकडे काट्यावरचं वजन थोडं वाढलेलं दिसू शकतं, पण त्याचा अर्थ दोन्हीकडे एकच नाही. टेस्टोस्टेरॉनवर भूक वाढल्याचं अनेक जण सांगतात, माझीही वाढली.

इस्ट्रोजेन घेणाऱ्यांनी एक प्रश्न जरूर विचारावा. गोळीपेक्षा त्वचेवरच्या पट्टीने किंवा जेलने रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी असतो. वजन जास्त असेल, वय वाढलं असेल, धूम्रपान असेल किंवा घरात गुठळ्यांचा इतिहास असेल तर "मला गोळीऐवजी पट्टी किंवा जेल चालेल का?" असं थेट विचारा. एकाच पायाला सूज आणि दुखणं, अचानक धाप, छातीत कळ, यातलं काही झालं तर वाट न बघता तातडीच्या विभागात जा.

वजन कमी करायला हार्मोन बंद करायची गरज नसते. कुणी "आधी हार्मोन थांबवा" म्हणालं तर कारण विचारा आणि हार्मोनच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय थांबवू नका.

आपल्या गटांत एक सल्ला फिरतो: वजन मुद्दाम उतरवा, मग परत वाढवा, म्हणजे चरबी "योग्य जागी" बसते. याला भक्कम पुरावा नाही, आणि वजन असं खालीवर केल्याने स्नायू मात्र जातात.

## ६. खाणं आणि हालचाल

उपास-तापास नको. आहारतज्ज्ञांकडून प्रथिनांचा रोजचा आकडा ग्रॅममध्ये लिहून घ्या, कारण वजन उतरताना स्नायूही उतरतात आणि इस्ट्रोजेनवर ते आधीच कमी होत असतात. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम जोराची हालचाल आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, हे सगळ्यांना सांगतात तेच. वजन पेलण्याच्या व्यायामाने हाडंही टिकतात. अंडाशय किंवा वृषणं काढलेली असून हार्मोन नियमित घेणं होत नसेल तर हाडांची घनता मोजून घ्या.

बाइंडर घालून जोराचा व्यायाम करू नका. फुप्फुसं पूर्ण फुलत नाहीत. स्पोर्ट्स ब्रा आणि वरून सैल टी-शर्ट वापरा. बाइंडर एरवीही आठ तासांच्या आत आणि झोपताना कधीच नाही. वजन पाच-सात किलोंनी वरखाली झालं की छाती पुन्हा मोजून माप बदला. टकिंग (जननेंद्रिय मागे दाबून लपवणं) करणाऱ्यांनीही लांब चालताना मधे मोकळं व्हावं. घड्यांमधली त्वचा कोरडी ठेवा. खाज आणि लाल चट्टे दिसले तर तो बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, मलमाने बरा होतो.

व्यायामशाळेतल्या कपडे बदलायच्या खोलीची धास्ती असेल तर घरूनच व्यायामाचे कपडे घालून जा, किंवा घरीच करा. तिथे जाणं जमलं नाही म्हणून व्यायाम सोडू नका.

## ७. औषधांविषयी

सध्या जास्त बोलबाला आहे तो सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड या आठवड्याच्या इंजेक्शनांचा. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपटाइडच्या वरच्या डोसने ७२ आठवड्यांत २० टक्क्यांच्या आसपास. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत आल्याचंही दिसलं आहे. तेव्हा सुरू करण्याआधी किती काळ घ्यायचं आणि तेवढा काळ परवडेल का, हे बोलून घ्या. मेड्युलरी थायरॉइड कर्करोग स्वतःला किंवा घरात कुणाला झाला असेल, किंवा पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर आधी सांगा.

आपल्यासाठी खास धोके असे:

- स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम दाबणारी गोळी) घेत असाल आणि इंजेक्शनमुळे उलट्या-जुलाब सुरू झाले तर शरीरातलं पाणी कमी होऊन मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटॅशियम वाढू शकतं. त्या दिवशी गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.
- टेस्टोस्टेरॉन म्हणजे गर्भनिरोधक नव्हे. वजन उतरलं की थांबलेली बीजनिर्मिती पुन्हा सुरू होऊ शकते. टिर्झेपटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून सुरुवातीला आणि दर डोसवाढीनंतर चार आठवडे दुसरा उपाय वापरायला सांगतात. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर हे बोलणं टाळू नका. टेस्टोस्टेरॉन गर्भाला घातक आहे.
- ही औषधं जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना शेवटच्या डोसची तारीख सांगा.

वजन झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होऊ शकतात. बरगड्यांखाली उजवीकडे दुखू लागलं तर ते अंगावर काढू नका.

## ८. वजनाची शस्त्रक्रिया

२०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बीएमआय ३५ किंवा वर असेल तर दुसरा आजार नसतानाही ही शस्त्रक्रिया सुचवतात, आणि ३० ते ३५ मध्ये चयापचयाचा आजार असेल तर विचार करतात. आशियाई वंशासाठी २७.५ पासून. गॅस्ट्रिक बायपासनंतर (जठर लहान करून अन्नाची वाट वळवणारी शस्त्रक्रिया) तोंडाने घेतलेल्या औषधांचं शोषण बदलू शकतं, त्यामुळे इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्यांनी पट्टी, जेल किंवा इंजेक्शनबद्दल आधी बोलावं आणि नंतर रक्तातली पातळी तपासावी. जीवनसत्त्वं आणि लोह जन्मभर तपासावं लागतं.

## ९. सर्जनने बीएमआयची अट घातली तर

माझ्यासारखं मुकाट्यानं घरी येऊ नका. तिथेच विचारा:

- ही अट तुमची, रुग्णालयाची की भूलतज्ज्ञांची?
- नेमका कुठला धोका कमी करायचाय? जखम भरणं, भूल, गुठळ्या की दिसणारा परिणाम?
- आकडा गाठायला मदत कोण करणार?
- थोडा कमी पडला तर काय?

उत्तर शस्त्रक्रियेगणिक बदलतं. हाताच्या त्वचेपासून फॅलोप्लास्टी (शिश्न घडवण्याची शस्त्रक्रिया) करताना तिथल्या चरबीची जाडी खरोखर अडते. छातीच्या शस्त्रक्रियेत तसं काही नसतं. सर्जनागणिक मर्यादाही वेगळ्या असतात, म्हणून दुसरं मत घेण्यात गैर काही नाही.

अट मान्य असेल तर ती किलोत मांडा. १६५ सेंटिमीटर उंचीला ३३ वरून ३० म्हणजे ९० वरून साधारण साडेएक्क्याऐंशी किलो, नऊ टक्क्यांहून थोडं जास्त. आठवड्याला अर्धा किलो धरला तर चार महिने, आणि त्यानंतर वजन काही महिने स्थिर ठेवायचं. हा हिशोब मांडल्यावर तारीख मागा.

माझी शस्त्रक्रिया शेवटी बीएमआय ३१ वर झाली, दुसऱ्या सर्जनकडे. त्यांनी माझ्या वजनाविषयी एकच प्रश्न विचारला: झोपेची तपासणी झाली आहे का? झाली होती, श्वासरोध निघाला होता, आणि मी झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं सीपॅप यंत्र लावत होतो. ते रुग्णालयात घेऊन यायला त्यांनी सांगितलं.

## १०. पुढच्या भेटी

पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी: वजन, कंबर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, यकृत, आणि ज्याचे त्याचे हार्मोनचे आकडे. स्पायरोनोलॅक्टोनवर पोटॅशियम, टेस्टोस्टेरॉनवर हिमॅटोक्रिट. वजन १० टक्क्यांच्या आसपास उतरलं की हार्मोन, रक्तदाब आणि मधुमेहाच्या औषधांचे डोस पुन्हा बघायला सांगा. जुन्याच डोसवर साखर किंवा रक्तदाब फार खाली जाऊ शकतो. उठताना चक्कर येत असेल तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत चार ओळी आहेत: नाव, कसं बोलवायचं, टेस्टोस्टेरॉन कधीपासून, आणि "रिपोर्टला पुरुषांची मर्यादा लावावी". नवीन ठिकाणी गेलो की ते पान वर ठेवून फाईल पुढे करतो. तुमच्या पानावर काय लिहायचं ते हार्मोनच्या डॉक्टरांना विचारून ठरवा आणि त्यावर त्यांची सही घ्या.